दुधाच्या गाडीची वेळ

मुक्ता माठ चाटत होती.

दीड वर्षाची होती. चालायला लागलेली पोर दोन दिवसांच्या हगवणीने पुन्हा रांगायला लागली होती. चुलीपासून माठापर्यंत ती कधी गेली ते मी पाहिलं नाही, मी पीठ चाळत बसले होते. माठात पाणी बेताचंच, पण बाहेरून त्याला ओल सुटली होती. तिने दोन्ही हात माठाला टेकवले होते आणि जीभ काढून ती ओल चाटत होती. रडत नव्हती. मी उठले, काखेत धरून तिला मागे ओढलं आणि पदराने तिची जीभ पुसली.

जीभ पुसली, हे मी मुद्दाम लिहिते. लोक सांगताना एवढंच गाळतात आणि सगळं दुष्काळाच्या अंगावर घालतात. माठ माझ्या घरात होता, माठात पाणी होतं आणि पदर माझा होता.

हगवण लागलेल्या लेकराला पाणी द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वरून पाणी गेलं की खालून पाणी येतं, तेव्हा वरचं बंद करा, खालचं आपोआप बंद होईल. पाटाला बांध घालावा तसा हिशेब. ऐकायला बरोबर वाटतो. माझ्या आईने तसंच केलं, सासूनेही तसंच केलं, आणि त्यांची काही पोरं जगली. जगली त्यांच्यावरून रीत ठरली. गेलेल्यांना कोण विचारतं.

यंदा पाऊस पुन्हा हुकला. आष्टी तालुक्याला त्याचं नवल नाही. मृग कोरडा गेला, नंतरची नक्षत्रंही तशीच गेली, बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली. आता उन्हाळ्यात टँकर दिवसाआड येतो, रांगेत माणसांऐवजी रंगीत घागरी उभ्या असतात, आणि दुपारी वारा सुटला की पत्र्यांवर धूळ पडल्याचा आवाज येतो. हा आवाज मला ओळखीचा आहे. तेव्हा पत्रे कमी होते, धाब्याची घरं जास्त, पण धूळ हीच.

अशात पुण्याहून माझी नात आली, पूजा. मुक्तानंतर झालेल्या थोरल्याची मुलगी. ऑफिसात काम करते, अंगाने बारीकच आहे. आल्या दिवशी मी तिच्यापुढे तांब्या ठेवला तर म्हणाली, "नको आजी, माझा उपास आहे."

"आज कशाचा गं?"

"कशाचा नाही. कोरडा उपास असतो. उद्या सकाळपर्यंत काहीच नाही."

"पाणी तर पी."

"पाणीसुद्धा नाही. तेच तर असतं त्यात. शरीर आतून साफ होतं." तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात एक गोरीपान बाई हसत हसत काहीतरी सांगत होती. तिच्या पाठीमागे कुंड्यांत हिरवीगार झाडं होती.

बाहेर टँकरच्या रांगेत भांडण चाललं होतं, ते घरात ऐकू येत होतं. मी पूजाच्या ओठांकडे बघत राहिले. सुकले होते. मला सबनीस बाई आठवल्या, आणि त्यांच्या आधी मुक्ता.

लोक बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. आम्हाला तो खरा कळला पुढच्या उन्हाळ्यात. तोवर कणगीच्या तळाचं काहीतरी होतं. मग तेही संपलं आणि सगळं गाव खडी फोडायला गेलं. उजाडायच्या आत निघायचं, हाताला चिंध्या बांधायच्या, दगड मांडीजवळ घेऊन हातोडीने फोडत बसायचं. एकाच रांगेत पाटील घराण्यातली सून, तिच्या शेजारी मी, माझ्या शेजारी जैतुनबी. जैतुनबी आमची शेजारीण, भिंतीला भिंत. तिची शमीम आणि माझी मुक्ता दोन महिन्यांच्या अंतराने झालेल्या. दोघींना एकाच बाभळीला झोळी करून टांगायचो. बाभळीची सावली चाळणीसारखी, पोरींच्या अंगावर उन्हाचे ठिपके हलत असायचे.

दुपारी सुकडी मिळायची. भाजलेलं पीठ आणि गूळ यांचा तो वास आजही कुठे आला तर मी जागीच थांबते. भूक लागते म्हणून नाही. त्या वासाच्या मागोमाग दगडाच्या भुकटीचा वास येतो. घरी परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. तिच्या भाकरीला चव नव्हती आणि ती थापताना तुटायची. सासू म्हणायची, "ही जवारी गोऱ्यांच्या जनावरांची हाय. जनावरांनी न्हाई खाल्ली म्हणून आपल्याला धाडली." म्हणायची आणि स्वतः खायची नाही. तिचा उपास असायचा.

आमच्या घरी एक म्हैस होती. त्या उन्हाळ्यात घरातलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस तीच. नगरच्या बाजूने उसाचं वाढं यायचं, ते तिला. रांगेत उभं राहून आणलेल्या पाण्यातलं पहिलं तिला. दूध निम्म्यावर आलं होतं आणि त्याला वाढ्याचा गोडसर वास यायचा. ते सगळं दूध सोसायटीला जायचं.

दूध सोसायटी गावात नवीनच निघाली होती. सहकाराने गाव सुधारणार, अशी भाषणं झाली होती आणि सगळंच खोटं नव्हतं. दुष्काळात दुधाचाच आधार होता, त्यात वाद नाही. पण एक गोष्ट कुणी भाषणात सांगितली नाही. सोसायटी यायच्या आधी गावात दुधाचं लोणी व्हायचं, लोण्याचं तूप व्हायचं, आणि ताक उरायचं. ताक विकायचं नसतं. ज्याच्या घरी दुभतं नाही त्याने तांब्या घेऊन यायचं आणि ताक न्यायचं. त्यात मागणं नव्हतं आणि देणंही नव्हतं. सकाळी रवीचा आवाज थांबला की गल्लीतली बायामाणसं दारात यायची. जैतुनबीला तर मी हाक मारायची. गावातल्या गरिबाच्या पोरांच्या पोटात जे काही दुधातलं जायचं ते ताकातून. सोसायटीची गाडी सुरू झाली, सगळं दूध जसंच्या तसं कॅनमध्ये गेलं, आणि गावातलं ताक संपलं. वर्षाभरात रव्या आढ्याला टांगल्या गेल्या. संपलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण ताक कुणी मोजत नव्हतं.

आमचे मालक सोसायटीत दूध मोजायला होते. त्यामुळे आमच्या घरातून वाटीभर दूध मागे राहणं शक्यच नव्हतं. मोजणाऱ्याच्याच घरचं माप कमी आलं तर गाव काय म्हणेल, हे त्यांना जेवणापेक्षा मोठं. मुक्ताला मी अंगावर पाजत होते, पण मिलोवर आणि खडीवर किती दूध उतरणार?

त्या दिवसांत सबनीस बाई यायला लागल्या. शहरातल्या कॉलेजात आहारशास्त्राच्या प्राध्यापक. दर गुरुवारी, खडीच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या एसटीने यायच्या. काळी छत्री, जाड चष्मा, पायात पुरुषी चपला. चावडीच्या भिंतीला तक्ता टांगायच्या. तक्त्यावर दुधाचा पेला, अंडं, गाजर आणि एक लालभडक फळ.

"हे काय आहे?" बाईंनी छडी ठेवून विचारलं.

"अंडं," आम्ही सगळ्या शाळेतल्यासारख्या ओरडलो.

"हे कुठे मिळतं?"

मागून ठकूबाई म्हणाली, "तुमच्या तक्त्यावर मिळतं बाई. आमी तर कोंबड्याच कवाच्या खाल्ल्या."

हशा पिकला. बाईसुद्धा हसल्या. तोंडाला रुमाल न लावता, खळखळून. तेव्हा मला त्या बऱ्या वाटल्या. पुढच्या गुरुवारी तक्त्यावरच्या अंड्याला आणि त्या फळाला त्यांनी कागद चिकटवून आणला होता. खाली स्वतःच्या हाताने तरोटा, शेवग्याचा पाला आणि चिंचेची कोवळी पालवी काढली होती. चित्रं वाईट होती. तरोटा मेथीसारखा दिसत होता. पण बाई शिकत होत्या, एवढं आम्हाला दिसलं.

एकदा त्यांनी प्रत्येकीला विचारलं, तुमचे उपास किती. वहीत लिहून घेत होत्या. माझ्या सासूची पाळी आली.

"सोमवार, गुरुवार, शनवार. दोन एकादशा. चतुर्थी. अमुशा," सासू म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. "आजी, इतके उपास? कुठल्या देवाचे?"

"देवाचे कशाचे? डब्याचे."

"डब्याचे म्हणजे?"

"पिठाच्या डब्याचे. मी न्हाई जेवले की पोराच्या अन् सुनंच्या ताटात अर्धी भाकर जादा पडती. देवाचं नाव सांगितलं की कुणी आग्रह करत न्हाई, आपल्याला बी बरं."

माझी मान खाली गेली. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण चारचौघींत सांगायची गोष्ट नव्हती ती. बाईंनी वही मिटली आणि त्या दिवशी पुढे कुणालाच काही विचारलं नाही. पुष्कळ वर्षांनी त्यांनी मला सांगितलं की कॉलेजात त्या उपासाचे फायदे आणि तोटे असा एक धडा शिकवायच्या. त्या दिवसानंतर तो धडा त्यांना तसा शिकवता आला नाही. मुली विचारायच्या, उपास चांगला की वाईट? बाई म्हणायच्या, कुणाच्या घरातला, ते आधी सांगा.

आता तो गुरुवार. बाईंनी पालेभाज्यांचं सांगितलं, कोंडा फेकू नका ते सांगितलं. ऊन उतरलं होतं. मग म्हणाल्या, "आता सगळ्यात महत्त्वाचं. उन्हाळ्यात लेकरांना हगवण लागते, तेव्हा काय करायचं."

आणि वेशीकडून दुधाच्या गाडीचा भोंगा वाजला.

ज्यांच्या घरी दुभतं होतं त्या आम्ही सात-आठ जणी उठलो. लुगडी झटकली, पोरं काखेला मारली.

"अहो, थांबा ना," बाई म्हणाल्या. "पाचच मिनिटं. हे फार महत्त्वाचं आहे."

"बाई, गाडी थांबत न्हाई," मी म्हणाले.

माझेच शब्द. मी पुढे होते म्हणून मी बोलले. बाई क्षणभर छत्रीला धरून उभ्या राहिल्या, मग मागे उरलेल्यांकडे वळल्या. ज्यांच्या दावणीला काही नव्हतं त्या बसून राहिल्या. जैतुनबी राहिली, ठकूबाई राहिली. जाता जाता मला बाईंचा आवाज ऐकू येत होता, पण शब्द नाही. मी झपाझप चालत होते, म्हशीला पान्हा सोडायला वेळ लागायचा.

पुढच्याच आठवड्यात गावात हगवणीची साथ आली. विहिरींच्या तळाचं पाणी, दुसरं काय होणार. आधी शमीमला लागली, मग मुक्ताला.

जैतुनबी तांब्या घेऊन दारात आली. "सोजरबाई, वाईच ताक हाय का वं? शमीमला पाजायचंय. मीठ घालून द्या म्हणल्यात त्या बाई."

"ताक आता कुठलं जैतुनबी? दूध गाडीला जातं."

"ते बी खरंच," ती म्हणाली. वर्षभराने ती तांब्या घेऊन आमच्या दारात आली होती. उंबऱ्याशी जरा थांबली. मग म्हणाली, "तुमी उठून गेल्या ना, तवा बाईंनी सांगितलं. पाणी बंद करू नगा म्हणे. मीठ अन् गूळ टाकून द्यायचं, न्हाईतर पातळ पेज. चमच्या-चमच्यानं द्यायचं. वकली तरी परत द्यायचं. मुक्ताला बी द्या."

सासू आतून म्हणाली, "तुझी पोर, तुझी मर्जी. आमच्यात देत न्हाईत."

"आजी, मी माझं न्हाई सांगत. बाईंनी सांगितलंय."

"बाईला पोर हाय का एक तरी? पुस्तकं वाचून पोरं वाढत न्हाईत."

बाईंना मूलबाळ नव्हतं, हे गावाला माहीत होतं. जैतुनबीने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. ती तांब्या घेऊन गेली. भिंतीपलीकडून दिवसभर तिचा आवाज येत होता, "पी गं, माझी माय, अजून एक, अजून एक." मला तो आवाज ऐकून राग येत होता. वाटायचं, ही आपल्या पोरीला मारणार आता.

सासूने मुक्ताच्या पोटाला बिब्ब्याचे चटके दिले. अंगारा लावला. अंगावरचं पाजणंही बंद करायला लावलं. स्वतः तीन दिवस पाण्याच्या घोटावर बसली, नातीसाठी नवस म्हणून. या बाईला मी वाईट म्हणू शकत नाही. तिच्या वाट्याची भाकर मी खाल्लेली आहे. तिने मुक्ताला पाणी देऊ दिलं नाही ते मुक्ता जगावी म्हणूनच. सगळा जीव लावून तिने चुकीची गोष्ट केली, आणि मी ती करू दिली, स्वतःही केली.

तिसऱ्या दिवशी पोरीने माठ चाटला, ते वर लिहिलंच आहे. त्या दिवसानंतर ती रांगली नाही.

चौथ्या दिवशी मालकांनी दुधाची सकाळच्या फेरीची गाडी थांबवली. ड्रायव्हर बऱ्या मनाचा होता, लगेच फळी खाली केली. मी मुक्ताला घेऊन कॅनांच्या मधे बसले. रस्ता सगळा खडीचा, आमच्याच हातांनी फोडलेल्या खडीचा, अजून दाबलेला नव्हता. कॅन एकमेकांवर आपटत होते, झाकणांच्या फटींतून दूध डचमळून माझ्या पायांवर सांडत होतं. मुक्ताची टाळू आत गेली होती, डोळे अर्धे उघडे. मी तिच्या तोंडावर पदर धरला होता, धूळ जाऊ नये म्हणून. चार दिवसांत तिच्या पोटात एक थेंब गेला नव्हता आणि आम्ही दोघी कॅनभर दुधात बसलो होतो. त्या वेळी हे माझ्या मनात आलं नाही. मला एवढंच वाटत होतं की गाडी अजून जोरात जावी.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती दिलं?"

"एक थेंब बी न्हाई दिला डाक्टर," मी म्हणाले. चांगली काळजी घेणाऱ्या आईसारखं म्हणाले. तो माझा सूर माझ्या कानात अजून आहे.

डॉक्टरांनी मुक्ताच्या छातीला नळी लावली, काढली, आणि म्हणाले, "बाई, ही गेलेली आहे. वाटेतच गेली असणार."

वाटेत कुठे, ते मला सांगता येत नाही. ती माझ्या मांडीवर होती आणि मला कळलं नाही.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या. जैतुनबीने त्यांना सांगितलं असावं. चावडीवर तक्ता न टांगता त्या सरळ आमच्या गोठ्यात आल्या. मी धार काढत होते. गाडी चुकवून चालत नव्हतं. बाई शेणामुताच्या जमिनीवर उकिडव्या बसल्या, चपला काढून.

मग त्यांनी विचारलं, "सोजर, गाडी नक्की किती वाजता येते?"

माझं डोकंच फिरलं. पोर गेली आणि ही बाई गाडीची वेळ विचारते. मी म्हणाले, "तुमाला कावून पायजे? दूध घालायचंय का?"

"नाही. मला सांग."

"दिवस मावळायच्या आधी. तुमी तक्ता गुंडाळता तवा."

बाईंनी ते वहीत लिहिलं. म्हणाल्या, "मी शेवटची एसटी धरायची म्हणून त्या वेळेला बोलायची. तुमची गाडी कधी येते ते मी दोन महिन्यांत एकदाही विचारलं नाही." उठल्या आणि गेल्या. सांत्वन केलं नाही, ते बरं केलं. पुढच्या गुरुवारपासून त्या गाडी गेल्यावर बोलायला लागल्या. शेवटची एसटी निघून जायची. मग जैतुनबीकडे नाहीतर ठकूबाईकडे मुक्काम करायच्या, मिलोची भाकर खायच्या आणि पहाटे जायच्या. तक्ता पुन्हा कधी आणला नाही. आधी विचारायच्या, आज चुलीवर काय होतं. मग त्यातूनच काय सांगायचं ते सांगायच्या. लेकरांच्या हगवणीचं मात्र पहिल्यांदा सांगायच्या, बाया बसायच्या आत.

सोसायटीच्या माणसांशीही त्या भांडल्या. प्रत्येक घरी रोज एक शेर दूध मागे ठेवा, विरजा, ताक होऊ द्या, असं म्हणाल्या. चेअरमन हसले. म्हणाले, "बाई, तुमी आहार शिकवा, सहकार आमाला शिकवू नगा." मालक खाली मान घालून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरचं माप कमी यायला लागलं. त्यांनी स्वतःच मोजलं आणि वहीत स्वतःच लिहिलं. मी रवी आढ्यावरून काढली.

बाईंची आणि माझी गाठ पुढेही होत राहिली. त्यांच्याच सांगण्यावरून मी गावातल्या अंगणवाडीत मदतनीस झाले. चौथी शिकलेल्या बाईला तेवढं पुष्कळ होतं. बाई निवृत्त झाल्यावरही वर्षा-दोन वर्षांनी यायच्या. शहरातल्या गमती सांगायच्या. कुणी नुसती फळं खातं, कुणी जेवण सोडून सूप पितं, कुणी भाताला हात लावत नाही, कुणी गुळाला घाबरतं. आम्ही दोघी हसायचो. एकदा त्या म्हणाल्या, भरल्या डब्याच्या घरातला उपास आणि रिकाम्या डब्याच्या घरातला उपास, यांना एकच नाव ठेवलं हीच आमच्या शास्त्राची चूक आहे. दुसरं त्यांचं म्हणणं असं की माणसं चुकतात ती न कळल्यामुळे, आणि न कळणं हा शिकवणाऱ्याचा दोष.

हे दुसरं मला पटत नाही. त्यांच्या तोंडावर मी ते सांगितलं. मला कळलं होतं. जैतुनबीने उंबऱ्यात उभं राहून मला शब्दन् शब्द सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण ते जैतुनबीने सांगितलं. जी आमच्या दारात ताकाला यायची ती मला पोर वाढवायचं शिकवणार? मनात हेच होतं. मोठ्याने बोलली सासू, मी गप्प बसले, फरक एवढाच. बाईंनी स्वतःच सांगितलं असतं तर कदाचित ऐकलं असतं. आणि ऐकलं असतं तर मुक्ता जगली असती का, तेही मला माहीत नाही. साथीत पाणी पाजलेलीही काही पोरं गेली.

बाई आता नाहीत.

होत्या तेव्हा बाई गावात आल्या की अंगणवाडीतल्या नव्या आयांसमोर मला बोलायला लावायच्या. पहिली काही वर्षं मी नाही म्हणाले. मग एकदा एक पोरगी पदराखाली लेकरू घेऊन बसली होती, लेकराचे डोळे खोल गेलेले. मी विचारलं, पाणी पाजलं का? ती म्हणाली, "न्हाई, सासू न्हाई म्हणती." तेव्हा मी बोलले. दोनच वाक्यं. "पाणी दे. मी दिलं न्हवतं." पुढे वीस-बावीस वर्षं मी हीच दोन वाक्यं बोलत आले. जास्त काही येत नाही मला. त्या पोरीच्या सासूला बोलावून तिच्यासमोरही हीच बोलले. तिने माझ्याशी कितीतरी दिवस बोलणं टाकलं. लेकरू मात्र तिने पुढच्या वेळी स्वतः उचलून माझ्याकडे आणलं.

पूजाला मी हे सगळं सांगितलं. तिच्या बापालाही मी हे असं कधी सांगितलेलं नाही. तिने ऐकून घेतलं. पोरगी चांगली आहे, मोबाइल उलटा ठेवून ऐकलं. मग हळूच म्हणाली, "पण आजी, ते वेगळं होतं."

वेगळंच होतं, तिचं चुकीचं नाही. तिला सकाळी पाणी मिळणार आहे आणि ते तिला ठाऊक आहे. तिला कुणी मागे ओढलेलं नाही. धडधाकट पोरीला एका दिवसाने काही होत नसेलही. पण मी तिच्याशी वाद घालू शकले नाही, कारण माझ्याकडे बाईंसारखं शास्त्र नाही. मी एवढंच म्हणाले की माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर कुणी पाण्यावाचून राहायचं नाही. पुण्याला जाऊन काय करायचं ते कर.

ती जरा रागावली. मग प्याली. तिथे जाऊन काय करते, मी विचारत नाही.

दुपारची धूळ पत्र्यावर पडते तेव्हा मी आत बसते. डोळ्यांना आता कमी दिसतं. सासूचा चेहरा आठवतो, मालकांचा आठवतो. मुक्ताचा नाही. तिचा फोटो काढलेला नव्हता. मला तिची मान आठवते, मागून दिसलेली, बारीक, घामाने चिकटलेल्या जावळाची. चेहरा आठवायला गेले की शमीमचा येतो, कारण तो मी पुढे वाढताना पाहिला.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या घरात म्हशीला धरून पाच जीव होते. सासू, मालक, मी आणि म्हैस, असे चार पावसापर्यंत पोचलो. भिंतीपलीकडे जैतुनबी, तिचा नवरा आणि शमीम असे तीन होते. ते तिघंही पोचले.